सुतकातला इंग्रजीचा पेपर

दहावीचं माझं घोडं इंग्रजीवर अडलं होतं. बाकीचे विषय घरी बसून, सतरा नंबरचा फॉर्म भरून, मी कसेबसे काढले होते. लग्न होऊन धुळ्याला आले तेव्हा सातवी शिकलेली. पुढे गल्लीतल्या बालवाडीत मदतनीस म्हणून लागले. तिथल्या बाई मायाळू होत्या, पण त्यांनी सांगून टाकलं होतं, "या ऑक्टोबरला पास झालीस तर शिक्षिकेच्या जागेवर तुझं नाव देते. नाही तर मला दुसरी बघावी लागेल गं." म्हणजे बघा, ही शेवटचीच संधी.

आणि इंग्रजीत माझा वैरी कोण, तर तो परफेक्ट काळ. साधा कुठे लावायचा आणि कंटिन्युअस कुठे, काही केल्या कळायचं नाही. गाईडात एका वाक्याचं मराठी दिलं होतं, 'ती सकाळपासून वाचत आलेली आहे.' माझे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, त्यांना मी धडे मोठ्याने वाचून दाखवायची. ते 'आलेली' ऐकून म्हणाले, "वाचत वाचत कोठून उनी व ती? गाडीखाले ई जाई ना!" हसून हसून पुरेवाट झाली, पण अर्थ काही हाती लागला नाही.

मग मी आपली एक युक्ती धरली. वाक्यात 'सिन्स' किंवा 'फॉर' दिसलं की डोळे मिटून 'हॅज बीन' आणि आयएनजी. मागच्या खेपेला तीच नडली. 'मी तिला लहानपणापासून ओळखते' यालाही मी आयएनजी चिकटवून आले. शेजारच्या मास्तरांना सांगितलं तर म्हणाले, "वहिनी, ओळखणं काय चालू-बंद करता येतं का? ते काम नाही, तिथे साधाच." पटलं, पण दुसऱ्या वाक्याला पुन्हा अंधार.

अशात आबा गेले. पेपर दशक्रियेच्या आधी होता.

आमच्याकडे सुतकात सुनेने उंबरा ओलांडायचा नाही. सतरंजीवर सासूजवळ बसायचं. पाचोऱ्याहून, अमळनेरहून माणसं भेटायला यायची. बायका आल्या की त्यांनीही पदर तोंडावर ओढायचा, आम्हीही ओढायचा, आणि सगळ्यांनी मिळून गळा काढायचा. मग पदर खाली, डोळे पुसायचे, पाणी द्यायचं आणि विचारपूस. आजारपण कधीपासूनचं, हाच प्रत्येकीचा प्रश्न, "कव्हयपाईन बिमार व्हतात आबा?"

मी उत्तर द्यायची आणि मनात त्याचं इंग्रजी करत बसायची. लाज वाटायची हो! माणूस गेलंय, घरात चूल नाही, आणि माझ्या डोक्यात क्रियापदं. आबांसाठी मला धड रडूही येत नव्हतं.

पेपरच्या आदल्या दिवशी आबांच्या थोरल्या बहिणीने, अक्कांनी, माझ्याकडे बोट करून आलेल्या बायकांना सांगितलं, "सकायपाईन रडी ऱ्हायनी पोर. काहीच खायेल नही."

मी चमकले. 'रडी ऱ्हायनी', म्हणजे सकाळपासून रडणं चाललंय, अजून थांबलेलं नाही. 'खायेल नही', म्हणजे खाल्लेलं नाही, झालं, हिशेब संपला. एक चालू राहिलेलं, म्हणजे कंटिन्युअस; एक होऊन बसलेलं, म्हणजे साधा. गाईडातल्या त्या 'वाचत आलेली'ने जे सांगितलं नाही ते घरच्या बोलीत रोज ऐकत होते मी! कळलं तेही कुठे, तर जिथून हलता येत नाही अशा जागी. त्या दिवशी मी खरीच रडले, पण ते स्वतःसाठी.

संध्याकाळी धीर करून अक्कांना विचारलं. त्या म्हणाल्या, "पेपर? आनी उद्या पाचोरानी मंडळी ई, तव्हय सून कोठे म्हनी इचारीन त्या. काय सांगू? साळामा गई?" यांच्याकडे निरोप पाठवला, तर ते बाहेर पुरुषांत बसलेले. उत्तर आलं, "अक्का म्हणतील तसं." झालं, संपलं.

सकाळी मी सतरंजीवर बसले ती दगडासारखी. घड्याळ समोरच्या भिंतीवर. अकराचा पेपर. सगळे आता वर्गात बसले असतील, आता उत्तरपत्रिका वाटत असतील... तेवढ्यात पाचोऱ्याची मंडळी आली. पदर ओढले गेले, गळे निघाले. त्या गलक्यात माझ्या कुशीत कोपर रुतलं. माझी सासू, आम्ही तिला जिजी म्हणायचो. जिचा नवरा गेला ती. पदराआडून म्हणाली, "जाय. मांगला दारनी जाय. मी जोरमा रडस."

आणि खरंच तिने असा टाहो फोडला की सगळ्या बायका तिच्याकडेच सरकल्या.

मी उठले. हॉलतिकीट गाईडात होतं, तेवढं काढलं. अनवाणी, विना कुंकवाची, केस विस्कटलेले, पांझरेच्या पुलावरून धावत सुटले. केंद्रावरच्या मास्तरांनी घड्याळ बघितलं, माझे पाय बघितले, आणि काही न विचारता बाकाकडे हात केला. त्या काळाच्या प्रश्नावर आले. प्रत्येक वाक्य आधी मनात घरच्या बोलीत म्हटलं, मग लिहिलं. बरोबर की चूक, पडताळायला वेळच उरला नाही.

परत आले तर अक्का दारातच. "कोठे गयथी?"

आतून जिजीच म्हणाली, "मी धाडेल व्हती."

मी पास झाले, काठावर, पण झाले. बालवाडीची जागाही मिळाली. अक्कांनी मात्र माझ्या हातचं पाणी सोडलं ते सोडलंच. अमळनेरहून आल्या की जिजीलाच हाक मारायच्या. आणि जिजी, गुडघे धरलेली, दर वेळी उठून त्यांना तांब्या भरून द्यायची. मी पुढे झाले की मला म्हणायची, "तू बस. तुले उद्या बालवाडीमा जानं शे."