पडले तरी नाक वर

नगरपालिकेच्या निवडणुकीत मी पडले आणि आठवड्याच्या आत दोह्याला मुलाकडे निघून आले. गावात सगळ्यांना सांगितलं, नातीची आठवण येते. ती येतेच, पण खरं कारण वेगळं होतं. ज्या गल्लीत मी तीस वर्षं ताठ मानेने चालले, तिथून दूध आणायला जायचीही मला लाज वाटत होती.

मला पाडलं ते शेजारणीने. भिंतीला भिंत लागून घर, भाजीच्या वाट्यांची देवघेव रोजची. दोघींना दोन पक्षांनी उभं केलं. प्रचारात ती माझ्याबद्दल एक वावगा शब्द बोलली नाही, हे आता लिहिताना कबूल करते. तेव्हा मला तिचं हसणंसुद्धा कुचकट वाटायचं. निकालाच्या दुपारी मी दाराला आतून कडी घातली, फोन बंद केला आणि बाहेरचे ताशे ऐकू येऊ नयेत म्हणून मागच्या खोलीत कानावर उशी दाबून पडून राहिले. दुसऱ्या दिवशी दार उघडलं, तर बाहेरच्या कडीला गुलाल लागलेला. जखमेवर मीठ चोळायला लोक दारापर्यंत आले, असं वाटून मी तो ओल्या फडक्याने खसाखसा पुसून काढला. निघताना शेजारच्या घराकडे वळूनही पाहिलं नाही.

मुलाचं घर दोह्याच्या अल दुहैल भागातल्या एका कंपाउंडमध्ये, म्हणजे एका कुंपणाआतल्या घरांच्या वसाहतीत. मी पोचले त्याच दिवशी तो फोनवर कुणाला तरी सांगत होता, “हो ना, आई पडली या वेळी.” सात वर्षांच्या नातीने ते ऐकलं. तिला मराठी सगळं कळतं, पण शब्दाला शब्द. ती फ्रीजरमधली मटारची पिशवी घेऊन आली, माझ्या गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाली, “आजी, डझ इट हर्ट?”

सारा जन्म मराठी शिकवण्यात गेलेली बाई मी. ‘पडणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ तिला तिथल्या तिथे समजावून सांगायला हवे होते. पण दुखतंय का, असं मला तोवर कुणीच विचारलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. मी म्हणाले, “हो, खूप.”

मग ते निस्तरणं आलं. नातीने कंपाउंडभर बातमी केली. समोरच्या नाशिककर बाई हळदीचा लेप घेऊन आल्या. मला लंगडणं भाग पडलं. झाकली मूठ सव्वा लाखाची! निवडणुकीत पडलेल्या बाईपेक्षा पायरीवरून पडलेल्या बाईशी माणसं फार मायेने वागतात, असा मला शोध लागला. सूनबाई सगळं समजून गप्प होती. एकदाच म्हणाली, “आई, काल उजवा पाय होता.”

नातीला शाळेतून आणणारा ड्रायव्हर परभणीकडचा. बायकामुलं गावाकडे, हा इथे एकटा. एका दुपारी मी त्याच्याबरोबर गाडीत गेले. परतताना नात मागे माझ्याशेजारी बसली होती. त्याने आरशातून पाहत विचारलं, “मावशी, कुठं पडल्या म्हनं तुमी?”

आपल्या मुलखातलं माणूस समोर, खोटं बोलवेना. म्हणाले, “नगरपालिकेला.”

तो हसला नाही. “मंग त्यात काय! उभं ऱ्हायलं तर पडनं आलंच, मावशी. बसल्याला मानूस कदी पडतो का?”

अर्ज मागे घेऊन घरी बसणारे आमच्याकडे पुष्कळ होते. मला पहिल्यांदाच जरा बरं वाटलं.

नातीच्या डोक्यात मात्र पडणं तेच होतं. तिने विचारलं, “आजी, तू पडलीस तेव्हा हू पिक्ड यू अप?”

“कुणी नाही.”

“नोबडी केम?”

तिचा चेहरा इतका पडला की मला ‘नाही’ म्हणवेना. आणि एकदम ती कडी डोळ्यांसमोर आली. खिजवायला आलेल्यांनी दारभर गुलाल उधळला असता. उंबरा, भिंत, पायऱ्या सगळं स्वच्छ होतं. गुलाल होता तो फक्त कडीला, जिथे हात लागतो तिथे.

घरी आल्याबरोबर शेजारणीला फोन लावला. माझा आवाज ऐकताच ती म्हणाली, “बाई, मी आले होते हो. मोजणीवरून थेट तुमच्याकडेच आले. मिरवणूक चौकातच थांबवली होती. किती वेळ कडी वाजवली! हात गुलालाचे, तुमचं दार खराब केलं बघा.”

हे ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पडले तरी नाक वर म्हणतात, ते हेच. मी म्हणाले, “अभिनंदन, वहिनी. आणि आपल्या गल्लीतली गटार आधी घ्या. माझ्या जाहीरनाम्यात पहिली होती.”

“माझ्याही,” ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो.

फोन ठेवून चहा टाकायला उठले, तर नात माझ्या पायांकडे टक लावून बघत होती. मी लंगडायला विसरले होते. तिच्या हातात फ्रीजरमधून पुन्हा आणलेली मटारची पिशवी होती.

“आजी, सो हू केम?”

“शेजारीण आली होती गं,” मी म्हणाले. “मीच दार उघडलं नाही.”