साबणमावशीचं फडकं

कारखान्यात तिला सगळे साबणमावशी म्हणत. हजेरीपुस्तकात तिचं चांगलं लांबलचक नाव होतं, पण ते वाचताना हजेरीवालाही मान वर करून विचारायचा, "म्हणजे आपली साबणमावशीच ना?" तिला या नावाचा राग नव्हता. उलट जरा मिरवायचीच ती. शीतपेयांचे भरलेले कॅन वाहून नेणारी साखळी बावीस वर्षं तिच्या हाताखाली होती, आणि इतक्या वर्षांत आपल्या लाइननं एकदाही तोंड वर करून आवाज केला नाही, हे ती नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत ऐकवायची. नव्या माणसाला त्यात काय एवढं, ते कळायचं नाही. मग ती त्याला शेजारच्या हॉलमध्ये नेऊन तिथल्या लाइनची करकर ऐकवायची आणि विचारायची, "आता कळलं?"

यामागे एक गुपित होतं. कॅन साखळीवरून रांगेनं येतात आणि दोन्ही बाजूंच्या स्टीलच्या कठड्यांना घासत पुढे सरकतात. घासले की किंचाळतात, अडतात, वळणावर दारुड्यासारखे आडवे होतात. साखळीवर साबणाचं पाणी शिंपडायची सोय यंत्रातच होती, ती सगळ्यांना ठाऊक होती; मावशीचं नावही त्यावरूनच पडलं होतं. कठड्यांसाठी मात्र कसलीच सोय नव्हती. मावशी रोज सकाळी पावणेसातला, लाइन सुरू व्हायच्या आधी, घट्ट साबणात भिजवलेलं फडकं कठड्यांवरून आतल्या अंगानं फिरवायची. हे कुठल्याही माहितीपुस्तकात नव्हतं. एका जुन्या फिटरनं निवृत्त होताना तिला बाजूला घेऊन हे शिकवलं होतं, आणि तिनं ते कोणाला सांगितलं नव्हतं. माणसाकडे एखादी तरी गोष्ट फक्त स्वतःची असावी, असं तिचं म्हणणं होतं.

तर असं सगळं सुरळीत, अगदी सुळसुळीत चाललेलं असताना डिंकाचं यंत्र आलं.

तोवर सहा कॅनची जुडी प्लास्टिकमध्ये गुंडाळून, गरम हवेनं ते आवळून बाहेर पडायची. मावशी धरून सहा जणी ते काम बघायच्या. पण माल घेणाऱ्या मोठ्या दुकानांना आता प्लास्टिक नको झालं होतं. मालकांनी सहा जणींना बोलावून सरळ सांगितलं, "पंधरा दिवस हे यंत्र वापरून बघायचं. शेवटच्या शनिवारी सकाळी नऊला दुकानांच्या खरेदीवाल्या बाई येणार. त्यांना जुडी पसंत पडली तर यंत्र इथेच राहील आणि तुम्हीही. नाही पडली, तर पॅकिंगचं सगळं काम आपल्या दुसऱ्या कारखान्यात जाईल. तिथे यायची तयारी असेल त्यांनी या."

दुसरा कारखाना दोन तासांवर होता. जायला दोन, यायला दोन. घरी हात आखडलेली सासू असलेल्या बाईनं हे गणित कसं मांडायचं? मावशीनं ते मांडलंच नाही. ती एवढंच म्हणाली, "यंत्र चालणार, मालक. न चालायला काय झालंय?"

यंत्राबरोबर एक इंजिनिअर आला होता. किडकिडीत, जाड चष्म्याचा आणि अतिशय सभ्य. रिकाम्या खोक्याचीही तो माफी मागून त्याला बाजूला सारायचा. त्यानं सहा जणींना समजावलं: पांढरट गोळ्यांच्या रूपातला डिंक टाकीत वितळतो, बारीक तोंडातून त्याचे थेंब कॅनच्या अंगावर पडतात, कॅन एकमेकांवर दाबले जातात आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत थेंब गार होऊन धरतात. तीन-तीनच्या दोन ओळी, म्हणजे सात ठिकाणी कॅनला कॅन लागतो. प्रत्येक ठिकाणी दोन थेंब. एका जुडीला चौदा.

"बस? चौदा थेंबांवर सहा कॅन?" सहा जणींतली बडबडी म्हणाली. तिचं हे नावही कारखान्यानंच ठेवलं होतं, आणि उगाच ठेवलं नव्हतं.

"धरणं सोपं आहे हो," इंजिनिअर म्हणाला. "अवघड आहे ते सोडणं. नेताना सुटता कामा नये, पण घरी हातानं पिळलं की लगेच सुटलं पाहिजे."

"म्हणजे माहेरच की!" बडबडी म्हणाली. "धरतं घट्ट, पण निघायच्या वेळी अडवत नाही."

इंजिनिअरनं हे खिशातल्या वहीत लिहून घेतलं.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. जुडी यंत्रातून ऐटीत बाहेर आली, मावशीनं एका कॅनला धरून ती उचलली, आणि पाच कॅन खाली आणि एक तिच्या हातात. संत्र्याचं फसफसणारं पेय इंजिनिअरच्या चष्म्यापर्यंत उडालं. दुपारी मात्र त्याच यंत्रातून निघालेल्या जुड्या झुलवल्या, आपटल्या, तरी सुटेनात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सकाळी सगळं सुटं, दुपारी सगळं घट्ट.

मग तर्कांना ऊत आला. इंजिनिअर म्हणाला, सकाळच्या गारव्यानं डिंक लवकर आळतो. त्यानं टाकीची उष्णता वाढवली, मग कमी केली, मग हॉलमध्ये हीटर लावले, त्यानं सहा जणी तेवढ्या घामाघूम झाल्या. कॅनवर दव धरत असेल म्हणून वारा सोडणारा पंखा बसवला. डिंकच बदलला. मालक म्हणाले, यंत्रच खराब आहे. बडबडी म्हणाली, "यंत्र आळशी आहे. दुपारशिवाय जागंच होत नाही." आणि मावशी? ती रोज पहाटे आदल्या दिवसापेक्षा लवकर यायची. आपली लाइन तरी निर्दोष असावी, म्हणून कठड्यांवर फडकं दोनदा फिरवायची. मग तीनदा.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. पण काखेत कळसा असलेल्या माणसाला तो दिसत नाही, आणि इतरांना तिची काख दिसत नव्हती.

शेवटच्या आठवड्यातला गुरुवार उजाडून मावळला. शुक्रवारी आठवडी सुट्टी आणि धुलाईसाठी लाइन बंद असायची, म्हणजे आता उरला तो थेट शनिवार. मावशी संध्याकाळी घरी आली. घरात वेगळाच संग्राम चालला होता. तिचे यजमान बसचालक म्हणून निवृत्त झाल्यापासून घरातल्या दुरुस्त्यांवर तुटून पडले होते. सध्या न्हाणीघरात टॉवेलसाठी चिकटवायचा हुक लावणं चालू होतं. हुक लावायचा, टॉवेल अडकवायचा, हुक टॉवेलसकट खाली. ही चौथी खेप.

"हुकच भिकार आहे," ते म्हणाले. "बनवणाऱ्याला बसखाली घातला पाहिजे."

"अहो, आता बस कुठे आहे तुमच्याकडे?" मावशी म्हणाली.

सासूबाई बाहेर खुर्चीत बसून सगळं ऐकत होत्या. सांधेदुखीनं त्यांची बोटं वाकली होती, जीभ मात्र सरळ होती. "अरे, त्या भिंतीवर रोज साबणाचं पाणी उडतं," त्या म्हणाल्या. "तिथे काय चिकटणार, तुझं कपाळ? भिंत धू आधी."

यजमान भिंत धुवायला लागले. मावशी मात्र हातात चप्पल तशीच धरून उभी राहिली. कठडे. कॅन कठड्यांना घासतात ते अंगानं, आणि डिंकाचे थेंब पडतात तेही अंगावरच. सकाळी फडकं फिरतं. दुपारपर्यंत हजारो कॅन जाऊन कठड्यावरचा साबण पुसला जातो. मग दुपारी जुड्या टिकतात.

"आई," ती खाली बसत म्हणाली, "मीच ती."

"कोण तू?"

"सगळ्या जुड्या मीच सोडवल्या."

आणि तिला रडू येणार असं वाटत असतानाच हसू आलं. असं हसू की यजमान साबणाच्या हातांनी बाहेर धावत आले. बावीस वर्षं तिनं वस्तू निसटाव्यात म्हणून जिवाचं रान केलं होतं. आता चिकटवायची वेळ आली, आणि हात आपले जुनंच काम इमानेइतबारे करत राहिले होते.

शनिवारी ती सहालाच आली. उकळत्या पाण्यानं तिनं कठडे धुतले, कोरड्या कापडानं पुसले, बोट फिरवून चुर्र आवाज येतोय का ते ऐकलं. इंजिनिअर आल्यावर त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, फडक्यासकट. आता हा ओरडणार, असं धरून ती पायांकडे बघत उभी राहिली.

इंजिनिअरनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मावशी," तो म्हणाला, "दहा दिवस मी रात्री झोपलो नाही हो." आणि तिचे दोन्ही हात धरून हलवायला लागला. हिशेब जुळल्याचा आनंद असा असतो. चूक कोणाची, हे त्यात आठवतसुद्धा नाही.

"पण लाइन ओरडेल," ती म्हणाली.

"ओरडू दे. वेग थोडा उतरवतो, म्हणजे वळणावर कॅन पडणार नाहीत."

आणि लाइन ओरडली. बरोबर नऊ वाजता, खरेदीवाल्या बाई आणि मालक हॉलच्या दारात उभे असताना, बावीस वर्षं मुकी असलेली ती लाइन बावीस वर्षांचं बाकी राहिलेलं सगळं एकदम बोलायला लागली. बाईंनी कानांवर हात ठेवले. मालकांचा चेहरा लाल झाला.

"मावशी! हा काय प्रकार आहे? साबणाचं पाणी वाढवा आधी!"

फडकं तिच्या एप्रनच्या खिशातच होतं. हात सवयीनं खिशाकडे गेलासुद्धा. त्या किंचाळण्यानं तिच्या काळजाला घरं पडत होती. आपलं मूल भर बाजारात भोकाड पसरून रडावं आणि आपण त्याला उचलू नये, तसं तिला झालं होतं. पण तिनं हात बाहेर काढला तो रिकामा.

"नाही मालक," ती करकरीच्या वर आवाज चढवून म्हणाली. "साबणानंच डिंक सुटत होता. तो साबण कठड्यांना मी लावत होते, रोज, गुपचूप. चूक माझी. आज आवाज सोसा आणि जुडी बघा."

पाच जणी तिच्याकडे बघत राहिल्या. बडबडीला आयुष्यात पहिल्यांदा शब्द सापडेना.

यंत्रातून पहिली जुडी बाहेर आली. बाईंनी ती स्वतः उचलली, एका कोपऱ्यातल्या कॅनला दोन बोटांत धरून. सहाही कॅन वर आले. त्यांनी जुडी एकदा झुलवली, दोनदा झुलवली. तिसऱ्यांदा अशी झुलवली की मालक दोन पावलं मागे सरले. काहीच पडलं नाही. मग त्यांनी कडेचा कॅन पिळला. टक. कॅन हातात आला, अंगावर डिंकाचा बारका ठिपका, वरच्या रंगाला ओरखडासुद्धा नाही. दुसरी जुडी, तिसरी, दहावी. बाई आता परीक्षा घेत नव्हत्या, खेळत होत्या.

"पसंत," त्या ओरडून म्हणाल्या. साध्या आवाजात बोलायची सोयच नव्हती. "पण तो आवाज तेवढा बंद करा हो!"

त्यावर हॉलमध्ये जो आरडाओरडा झाला, त्यात लाइनची करकर बुडून गेली. बडबडीला शब्द सापडले, आणि सगळे एकदम सापडले. इंजिनिअरला सहा जणींनी मध्ये घेतलं तेव्हा तो प्रत्येकीची माफी मागत होता. पुढे महिन्याभरात त्यानं कठड्यांवर नायलॉनच्या गुळगुळीत पट्ट्या बसवल्या आणि लाइन पुन्हा गप्प झाली. पण तोवर ती रोज ओरडायची, आणि मावशी नव्या माणसाला कौतुकानं सांगायची, "ऐका. कामाला लागलीय ती." फडकं तिनं धुऊन कपाटात ठेवलं. मालकांनी तिला डिंकाच्या यंत्रावर नेमलं. नाव बदलून डिंकमावशी करावं, असं बडबडीनं सुचवलं, पण ते कोणाच्या तोंडी बसलं नाही.

त्या शनिवारी संध्याकाळी ती एक जुडी घेऊन घरी आली आणि सासूबाईंच्या मांडीवर ठेवली. सासूबाईंनी नेहमीप्रमाणे हाक मारली, "अरे, सुरी आण रे!" तुझ्या कारखान्याचं प्लास्टिक माझ्या जिवावर उठलंय, असं त्या वर्षानुवर्षं म्हणत आल्या होत्या. कोणीतरी सुरी आणेपर्यंत तहान मरून जायची.

"सुरी नको, आई. नुसतं पिळा."

सासूबाईंनी संशयानं तिच्याकडे पाहिलं. मग वाकलेल्या बोटांत एक कॅन धरला आणि मनगट वळवलं. टक. त्यांनी हातातल्या कॅनकडे पाहिलं, मग मांडीवरच्या पाचांकडे. दुसरा पिळला. टक. आता त्या हसत होत्या, आणि यजमान पक्क्या बसलेल्या हुकाला टॉवेल अडकवून बाहेर येऊन बघत उभे राहिले होते. सहाही कॅन सुटे झाले, टेबलावर रांगेत उभे राहिले. प्यायचं कोणाच्या मनातही आलं नाही.

"संपलं?" सासूबाई हिरमुसल्या. "आता परत जोड बघू."

"घरी कसं जोडू? उद्या दुसरी आणते."

"आणि परवा?"

"परवापण आणते, आई," मावशी त्यांची बोटं हातात घेत म्हणाली. "मी आता कुठे जातेय!"