केसरीनाथची बॅटरीवरची सायकल

दापोड्यात गोदामं आली आणि बघता बघता गावातले सगळे बाप्ये शेठ झाले. केसरीनाथही झाला. आयुष्यभर गुडघाभर चिखलात भात लावलेला माणूस पांढरेशुभ्र कपडे घालून ओट्यावर बसू लागला आणि येणारेजाणारे ट्रकवाले त्याला ‘शेठ, नमस्ते’ म्हणू लागले. त्याला ते कधी मानवलं नाही, पण करणार काय? शेतं गोदामांखाली गेली, बैल गेले, हातांना काम म्हणून उरलं नाही. बोलायला तेवढी हौसा होती, त्याची बायको. गेल्या चैत्रात तीही गेली.

तेव्हापासून हा बाबा ओट्यावरून हलायचं नाव घेईना. साखर वाढली, पाय सुजले. रोज चाला, असं डॉक्टरांनी बजावलं. केसरीनाथने शहाण्या मुलासारखी मान हलवली आणि घरी येऊन पुन्हा ओट्यावर बैठक मारली. मनोज, त्याचा मुलगा, मानकोलीला ट्रान्सपोर्टचं ऑफिस चालवतो. दिवसभर ड्रायव्हर लोकांना हलवणाऱ्या या माणसाला स्वतःचा बाप काही हलवता येईना. शेवटी एका रविवारी त्याने ठाण्याहून टेम्पोत घालून एक सायकल आणली.

सायकल कसली, माजलेला रेडा होता तो. जाडजूड टायर, पुढे दणके झेलणारे दांडे, पोटातल्या नळीत बॅटरी, हँडलवर बटणं आणि आकडे दाखवणारा छोटा पडदा. डोंगरात चालवायची आहे म्हणे. आता दापोड्याजवळची टेकडी मुरुमासाठी खोदून कधीच गोदामांच्या भरावात गेली, हे मनोजला माहीत नव्हतं असं नाही. त्याच्याच गाड्यांनी वाहिली होती.

केसरीनाथने सायकलीभोवती एक फेरी मारली. घंटी नाही, मडगार्ड नाही, स्टँडसुद्धा नाही. बैल पारखताना जसा तो काही न बोलता मागच्या बाजूला जाऊन उभा राही, तसा मागे जाऊन उभा राहिला.

“कॅरेज कुटं हाय?”

असल्या सायकलीला कॅरेज नसतं, मनोज हसत म्हणाला. आणि बोलण्याच्या भरात पुढे म्हणाला, “आनि मागं बसनार कोन हाय, बाबा?”

म्हणून गेला आणि जीभ चावली. केसरीनाथ सीटच्या मागच्या मोकळ्या जागेकडे बघत राहिला.

त्याच्या जुन्या काळ्या सायकलीचं कॅरेज म्हणजे त्याचा सगळा संसार होता. भात निघालं की रानात वाल, मुळा, चवळी लावायची आणि पहाटे भाजीच्या टोपल्या कॅरेजवर चढवून भिवंडीच्या बाजाराला न्यायची. टोपल्यांची चळत त्याच्या डोक्याच्याही वर जाई. सपाटीला तो सायकल मारी आणि हौसा मागून झपाझप चालत येई. चढ लागला की ती टोपल्यांना दोन्ही हात लावून ढकलू लागे. मध्ये एवढा भाजीचा डोंगर, त्याला ती दिसायची नाही. पायाखालचं पेडल एकदम हलकं झालं की समजायचं, हौसाने हात लावला. चढ संपला की तो ओरडे, “सोड गो!” नाहीतर उतारावर फरफटत गेली असती बिचारी.

हे जाताना. येताना टोपल्या रिकाम्या. त्या एकात एक घालून मांडीवर घ्यायच्या आणि हौसाने कॅरेजवर बसायचं. दिवसभरातली तिची सुखाची वेळ तीच. नारपोलीच्या कारखान्यांची खडखड मागे पडली की तिची टकळी सुरू होई, ती थेट गावच्या वेशीपर्यंत. वेशीवर गावदेवीचं देऊळ. तिथे केसरीनाथ ब्रेक दाबी, डावा पाय टेकी, हौसा खाली उतरे आणि कॅरेजवर दोनदा थाप मारी. म्हणजे उतरले, तुम्ही व्हा पुढे.

कारण गावात नवऱ्याच्या मागे सायकलवर बसून सुनेने मिरवायचं नसे. ओट्याओट्यावर सासरेमंडळी बसलेली. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं, पण सगळ्याच बायका देवीपाशी उतरत. हौसा डोक्यावरून पदर घेई, त्यावर टोपल्या चढवी आणि चालू लागे. ती दारात पोचेपर्यंत केसरीनाथचे हातपाय धुऊन झालेले असत आणि आईने दिलेला चहा पिऊन तो ओट्यावर विडी ओढत असे.

एकदा उतरता उतरता ती म्हणाली होती, “अवो, एकदा मना दारापर्यंत न्या ना.”

आबा ओट्यावर असतात गो, तो म्हणाला. ते खरंच होतं, त्याचे वडील दिवसभर ओट्यावर बसलेले असत. मग आबा गेले, तर ओट्यावर आई बसू लागली. आई गेली तोवर सायकल गंजून भंगारात निघाली होती आणि मनोजच्या मोटारगाड्या दारात उभ्या होत्या. गाडीतून कोन पन येतंय दारात, हौसा नाक मुरडून म्हणायची, आणि सून मृणालीला ही कथा डोळे मिचकावून पुन्हा पुन्हा ऐकवायची. केसरीनाथ ऐकून न ऐकल्यासारखं करी. त्याला वाटे, म्हातारीची थट्टा आहे.

चैत्रात तिला धाप लागली. मनोजच्या गाडीतून भिवंडीला दवाखान्यात नेताना देऊळ आलं तशी तिने केसरीनाथचा हात धरला आणि हसून म्हणाली, “येताना तरी दारापर्यंत आनाल ना?”

आनतो, तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती आली. अँब्युलन्स देवळापाशी थांबली नाही, पार दाराला येऊन लागली. तेव्हापासून केसरीनाथच्या मनात हे एकच कुसळ रुतलं होतं. जिवंतपणी आणायला हवं होतं. एवढं साधं मागणं, आणि तेही आपल्याच्याने झालं नाही. हे तो बोलणार तरी कोणाशी? जिच्याशी बोलायचं तीच नव्हती.

सोमवारी सकाळी मृणालीने सायकलला कुंकू लावलं, हँडलला झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबू ठेवलं. सून ताट घेऊन उभी, मुलगा सीट धरून उभा, मग माणूस नाही कसं म्हणेल? केसरीनाथ चढला. लिंबू चिरडलं. त्याने पेडलवर पाय दाबला आणि त्याच क्षणी कोणीतरी मागून ढकललं.

 त्याने मान वळवून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

“बाबा, मोटर हाय ती,” मनोज बाजूने धावत ओरडला. “पेडल मारलं का ती जोर देते.”

मोटर आहे हे केसरीनाथला कळत होतं. पाठीला ते कोण सांगणार? पाठीला ढकलणाऱ्या हातांची एवढी वर्षं ओळख होती.

तो घाबरून परत फिरेल असं मनोजला वाटलं. तो फिरला नाही. गोदामांच्या भिंतींमधून सरळ भिवंडीच्या रस्त्याला लागला. कंटेनरच्या गाड्यांनी रस्त्याची चाळण केलेली, पण ते टायर खड्डे असे गिळत की त्याच्या कमरेला पत्ता लागत नव्हता. ब्रेकला नुसतं बोट लावलं की सायकल जागच्या जागी उभी राही. पडद्यावरचे आकडे त्याला चष्म्याशिवाय दिसत नव्हते आणि त्यांची गरजही नव्हती. थंडीची धुळकट हवा तोंडावर येत होती. कितीतरी महिन्यांनी त्याने पोटभर श्वास घेतला.

अंजूरफाट्याचा चढ आला. बाजूला ट्रेलर धापा टाकत रांगेने चढत होते. केसरीनाथने सवयीने अंग पुढे झोकलं, दात आवळले, आता पेडल जड होणार. ते हलकं झालं. तसंच, अगदी तसंच, खालून वर उचलल्यासारखं. चढ संपताच त्याच्या तोंडून आपसूक निघालं, “सोड गो!”

आणि पाय थांबले, तसा मागचा जोरही थांबला.

तिथे रस्त्याच्या कडेला उभं राहून केसरीनाथ रडला. चैत्रात चार माणसांत त्याला रडू आलं नव्हतं, बाराव्यालाही आलं नव्हतं. आता ट्रेलरवाले बघत होते आणि तो हँडलवर कपाळ टेकून लहान मुलासारखा हुंदके देत होता. एक क्लीनर खिडकीतून डोकावून म्हणाला, चाचा, गिर गये क्या? केसरीनाथने नुसता हात हलवला.

नारपोलीत जाऊन त्याने टपरीवर चहा घेतला. कारखान्यांची खडखड होती तशीच होती. तिथे बसल्या बसल्या त्याने ठरवलं, आज हौसाला दारापर्यंत न्यायचं. त्याचं डोकं फिरलं नव्हतं. सायकलीला कॅरेज नाही, कॅरेजवर कोणी नाही, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. पण दिलेला शब्द होता, आणि तो पाळायची दुसरी काही तऱ्हा त्याला सुचत नव्हती. देवळापाशी थांबायचं नाही. न थांबता सरळ दारात जायचं, बस्स.

येताना तो बोलत होता आणि ती ऐकत होती, आजपर्यंत जे झालं त्याच्या उलट. कोणाच्या शेतात कुठलं गोदाम उभं राहिलं, मृणालीच्या हाताला आता तुझी चव येते, उशाची तुझी गोधडी मी काढू दिली नाही. बोलता बोलता वेस आली. देवळाचा कळस दिसला. केसरीनाथने हँडल घट्ट धरलं आणि समोर नजर लावली.

आणि देऊळ आलं तशी त्याच्या हाताने ब्रेक दाबला.

सायकल जागीच उभी राहिली. डावा पाय जमिनीला टेकला. अंग तिला उतरायला सोपं जावं म्हणून एका बाजूला कललं. थापांची वाट पाहत तो तसाच थांबला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण काय केलं.

त्याला स्वतःची चीड आली. कोणासाठी थांबला होता तो? आबा नाहीत, आई नाही, ओट्यांवर कोणी नाही. समोरच्या गोदामाचा रखवालदार तेवढा खुर्चीत पेंगत होता. एवढं ठरवूनही हाताने दगा दिला. तिला पुन्हा देवीपाशीच उतरवलं.

पेडल मारलं असतं तर सायकल अजूनही पळाली असती. पण त्याचा पाय उचलेना. तो समोरच्या रस्त्याकडे बघत होता, देवळापासून घरापर्यंतच्या त्या एवढ्याशा रस्त्याकडे. हौसा इथून डोक्यावर टोपल्या घेऊन कशी चालत येई, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. तो तोवर घरी पोचलेला असे. आणि मग त्याला ते उमगलं, जे इतक्या वर्षांत एकदाही डोक्यात आलं नव्हतं. उतरायची रीत गावाने तिला लावली होती. पुढे जा म्हणून त्याला कोणीच सांगितलं नव्हतं. तोही उतरू शकला असता. दारापर्यंत न्या, एवढंच ती म्हणाली होती. सायकलवरूनच न्या, असं कुठे म्हणाली होती?

केसरीनाथ खाली उतरला. सायकल हाताने धरून चालू लागला, रस्त्याच्या एका कडेने, बाजूला एका माणसापुरती जागा सोडून. त्याची पावलं मुद्दाम हळू पडत होती.

मृणाली दारातच होती. तिने विचारलं, “काय झालं बाबा, बॅटरी उतरली?”

“न्हाय,” केसरीनाथ म्हणाला. “सायकल चांगली हाय. मीच उतरलो, देवीपाशी.”

मृणालीने सासूची ती कथा कितीदा तरी ऐकली होती. आत जाऊन चहा घेऊन आली. सायकलीला स्टँड नव्हतं म्हणून केसरीनाथने ती भिंतीला टेकवली, आणि पायरीवर बसून रस्त्याकडे बघत राहिला. चहा निवत गेला, पण आज हौसाच्या आधी त्याने कप उचलला नाही.