सभापतीबाईंच्या मार्फत

नॉर्थ हार्लो गावच्या शाळेची बस अर्डिस थेअरने इतकी वर्षं चालवली की गावातल्या निम्म्या मतदारांना तिने कधी ना कधी आरशातून डोळे वटारून गप्प बसवलेलं होतं. म्हणूनच मार्चमधल्या गावसभेची सभापती म्हणून लोकांनी तिला निवडलं आणि मग दरवर्षी निवडतच राहिले. काम एका दिवसाचं, पगाराच्या नावाने शून्य. मिळकत म्हणाल तर लाकडी हातोडी आणि सगळ्यांच्या शिव्या.

सभेचा नियम जुना. बोलायचं ते सभापतीशी. शेजाऱ्याने तुमचं कुंपण पाडलेलं असो, त्याच्याकडे बघायचं नाही, समोर बघून म्हणायचं, "सभापतीबाई, त्या गृहस्थांना विचारा." टाळ्या नाहीत, हुर्यो नाही. बाहेरच्या माणसाला हा पोरखेळ वाटतो. वाटू दे. या नियमामुळे अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातल्या या गावात अजून कुणी कुणाचं डोकं फोडलेलं नाही, आणि डोकी फोडण्याजोगी माणसं गावात भरपूर आहेत.

त्यातलाच एक मर्टन बिसेल, अर्डिसचा सख्खा थोरला भाऊ. त्या दोघांचं फाटलं ते राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीवरून, आणि तेही थँक्सगिव्हिंगच्या सणाला, भरल्या ताटावर. "तुझ्यासारख्यांमुळेच देश खड्ड्यात चाललाय," अर्डिस म्हणाली. "मग बस खड्ड्यात आणि खा एकटीच," म्हणत मर्टनने कोट चढवला आणि निघून गेला. ताटातल्या टर्कीची अजून वाफ निघत होती. तेव्हापासून दोघांच्या अंगणांत समोरासमोर दोन पक्षांच्या पाट्या उभ्या होत्या आणि मधला रस्ता ओलांडून शब्द येत-जात नव्हता.

अपवाद फक्त सभेचा. तिथे मर्टन उठायचा, घसा खाकरायचा आणि म्हणायचा, "सभापतीबाई." अर्डिस म्हणायची, "बोला, मिस्टर बिसेल." भावाच्या तोंडून तिच्यासाठी वर्षभरात निघणारा तो एकच शब्द. त्यासाठी ती हिवाळाभर थांबायची. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगणार तरी कुणाला?

या वर्षी सभापतीपदच जाण्याची वेळ आली. सभेचं पहिलं काम सभापती निवडण्याचं. एरवी ते शिंक यायच्या आत उरकतं. पण ट्रॅव्हिस लाफ्लेम नावाच्या तरुण सुताराने स्वतःच उभं राहायचं ठरवलं होतं आणि दारोदार फिरून लोकांना पटवलंही होतं. ट्रॅव्हिस मर्टनच्याच पक्षाचा. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत होता.

"आपण मोठी माणसं आहोत," तो उभा राहून म्हणाला. "भिंतीकडे तोंड करून काय बोलायचं? ज्याला सांगायचंय त्याला तोंडावर सांगू की! शाळेच्या बसमध्ये आहोत का अजून?"

लोक हसले. अर्डिसनेही हातोडी आपटली नाही. स्वतःच्या बाबतीत ती आपटणं तिला बरं दिसेना.

तेवढ्यात मागच्या रांगेतून घसा खाकरल्याचा आवाज आला. "सभापतीबाई."

"बोला, मिस्टर बिसेल."

"या बाईला मी माझ्या घरात पाऊल ठेवू देणार नाही. हिची मतं म्हणजे शुद्ध मूर्खपणा. पण मागच्या वर्षी मी अग्निशमनच्या नव्या गाडीविरुद्ध बोलत होतो, तेव्हा हिच्याच बाजूची माणसं मला हसली. हिने त्यांना सांगितलं, हसायचं असेल तर बाहेर बर्फात जाऊन हसा. माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग स्वतःचं मत माझ्याविरुद्धच दिलं. मी हिचं नाव सुचवतो." आणि तो खाली बसला.

अर्डिसला पुढचा कागद दिसेना. तिने चष्मा पुसला, तो स्वच्छच होता.

चिठ्ठ्या मोजल्या गेल्या. थोडक्यात का होईना, ट्रॅव्हिस निवडून आला. अर्डिसने हातोडी त्याच्या हातात दिली आणि सांगितलं, "हळू आपट, दांडा ढिला आहे." मग ती कित्येक वर्षांत पहिल्यांदाच लोकांमध्ये येऊन बसली.

बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकायच्या मिठाचा विषय निघाला आणि ज्याने-त्याने ज्याला-त्याला तोंडावर सांगितलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ट्रॅव्हिसचा आवाज बसला होता आणि हातोडीचा दांडा निघाला होता.

जेवायला बीन्स, हॅम आणि शेवटी बर्फावर ओतलेला मेपलचा पाक. गोडाने जीभ कंटाळली की तोंडाला लावायला आंबट काकडी. अर्डिस ट्रॅव्हिसच्या शेजारी बसली होती. ताट घेऊन मर्टन आला आणि समोर उभा राहिला.

"सभापती," तो ट्रॅव्हिसला म्हणाला, "या बाईंना विचारा, इथे कुणी बसलंय का?"

ट्रॅव्हिसचं तोंड भरलेलं होतं. अर्डिसच बोलली, "सभापती, त्या गृहस्थांना सांगा, जागा रिकामी आहे."

मर्टन बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "सभापती, यांना म्हणावं, पाक यंदा पातळ झालाय."

"सभापती, त्यांना म्हणावं, तो त्यांच्याच झाडांचा आहे."

"अहो, हातभर अंतरावर बसलायत तुम्ही दोघं!" ट्रॅव्हिस बसक्या आवाजात ओरडला. "मला जेवू तरी द्या!" तो ताट उचलून पलीकडच्या टेबलावर गेला.

मध्ये आता कुणीच नव्हतं. मर्टन ताटातला पाक काट्याने गुंडाळत राहिला. मग मान वर न करता म्हणाला, "अर्डी, ती काकडी दे इकडे."

अर्डी. आई गेल्यापासून या नावाने तिला दुसरं कुणी हाक मारत नव्हतं. 

"घे की हाताने. मी काय वाढपी आहे?" असं म्हणाली खरी, पण काकडीचं वाडगं तिने आधीच त्याच्यापुढे सरकवलं होतं.