जिभेची डावी बाजू

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आहेत ते डॉ. नसरीन मॅडमचे. ऑपरेशनच्या वेळी मला भूल दिली ती त्यांनीच. तिसऱ्या दिवशी त्यांनी कापसाची वात माझ्या जिभेवरून फिरवली. उजवीकडं कळली. डावीकडं वात आहे की नाही, हेही कळेना.

"लिंग्वल नर्व्ह इंज्युरी," त्या म्हणाल्या. म्हणजे जिभेचा स्पर्श आणि चव कळवणाऱ्या नसेला झालेली इजा.

आमचं गाव भूम तालुक्यात. घरची खव्याची भट्टी. मी घरातला पहिला पदवीधर, पण खवा पारखायचं आमचं यंत्र म्हणजे जीभ. गरम कण बोटावर घेऊन जिभेवर ठेवायचा. दूध आंबलं होतं का, खाली लागलं का, सगळं तिथं कळतं. आप्पांची, म्हणजे वडिलांची, चव तंबाखूनं गेलेली. भट्टी माझ्या जिभेवर चालायची.

काखेतली चरबीची गाठ काढायला मी धाराशिवच्या दवाखान्यात दाखल झालो. भुलेत श्वास नीट चालावा म्हणून घशात लॅरिंजियल मास्क बसवतात. ही एक नळी असते आणि तिच्या टोकाला हवेनं फुगणारी मऊ गादी.

जाग आली तेव्हा जीभ जड वाटत होती. मॅडम तपासायला आल्या. घसा, आवाज, जीभ, काही त्रास आहे का, असं त्यांनी विचारलं. मी सगळं छान आहे म्हणालो. ज्यांनी आपल्यासाठी एवढं केलं, त्यांच्यापुढं तक्रार कशी करायची? माझी चूक झाली ती इथं.

घरी आल्यावर सवयीनं गरम खवा जिभेच्या डाव्या बाजूला ठेवला. काहीच वाटलं नाही. आप्पांनी माझ्या तोंडात पाहिलं.

"लेका, फोड आलाय की. कळंना व्हय तुला?"

मी सगळं सांगितलं.

"डाक्टरीनबाईला न्हाय सांगितलंस? मंग कुणाला सांगणार हुतास, कढईला?"

दुसऱ्या दिवशी धाराशिव गाठलं. मला वाटलं होतं, मॅडम दुसरंच काही कारण सांगतील. त्या म्हणाल्या, "गादीतल्या हवेचा दाब मी मोजला होता. तरीही नस दाबली गेली. हे माझ्या नळीनं झालंय." तेच त्यांनी माझ्या कागदावर लिहिलं आणि खाली सही केली. मी बघतच राहिलो. एवढं शिकलेलं माणूस इतकं सरळ बोलतं! आप्पांनी तो कागद देवघरात ठेवला.

बहुतेकांची नस काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप सुधारते, असं मॅडमनी सांगितलं. तोवर गरम खायचं नाही, चावताना जपायचं. दर सोमवारी त्या फोन करायच्या. मी रोज आरशासमोर वात फिरवायचो. दोऱ्याएवढी नस आत गुपचूप स्वतःला दुरुस्त करत असेल, या विचारानं थक्क व्हायचो.

भुलेनंतर तुमची जीभ बधिर वाटली किंवा आवाज बसला, तर लगेच सांगा. डॉक्टर त्याला तक्रार समजत नाहीत.

सातव्या आठवड्यात मी मॅडमना पत्र पाठवलं:

"आदरणीय मॅडम,

सा. न.

आज पहिली कढई उतरवली आणि तुमची ताकीद विसरून कण जिभेच्या डाव्या बाजूला ठेवला. चटका बसला. डोळ्यांत पाणी आलं. आप्पांनी विचारलं, 'भाजलं व्हय?' मी म्हणालो, 'लई भाजलं.' त्यांनी हातातलं उलथनं खाली ठेवलं आणि धाराशिवच्या दिशेनं हात जोडले.

सोबत त्याच कढईतला खवा पाठवतो आहे. मी स्वतः चाखला आहे."