कटिंग मास्तरचं वर्ष

माझा दादा शर्टांच्या कारखान्यात कटिंग मास्तर. ऐंशी थर कापड एकावर एक, आणि त्यातून मशीनची पाती अशी फिरवायचा की वरची बाही आणि तळातली बाही सूतभरही वेगळी नाही. समोरून थर दाबून धरायचं काम माझं. त्याचं तोंडही पातीसारखंच चालायचं; शिवणाऱ्या बायकांपैकी एकीलाही त्याने चिडवायचं सोडलं नव्हतं.

मग एकदा जेवणाच्या सुट्टीत त्याला फीट आली. मशीन बंद होतं हे नशीब. सुपरवायझर म्हणाले, सलग वर्षभर काही झालं नाही तर मशीन परत. तोवर खडूने नुसतं आखायचं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि समजावलं. मेंदूतली एक पेशी दुसरीला निरोप धाडते तो इवल्याशा पिशव्यांतून. पिशवीच्या अंगावर एक प्रथिन असतं, एसव्हीटूए. गोळी त्याला धरून बसते, मग निरोपांची झुंबड उडत नाही. नेमकं कसं, ते अजून पुरतं कळलेलं नाही, हेही त्यांनी सांगितलं. नाव आहे की गाडीचा नंबर, असं मी म्हटलं. दादा हसला नाही.

पुढेही हसला नाही. भांडलाही नाही. वहिनीने दोनदा मुद्दाम भाजीत मीठ घातलं नाही, तरी गुमान जेवला. या गोळीने काहींना असं होतं, बदलून बघू, असं डॉक्टर म्हणाले. दादाच नको म्हणाला. बदलताना फीट आली तर वर्ष पाण्यात.

अकरा महिने उलटले. एका सकाळी बाही आखताना त्याचा खडू वळणावर वळलाच नाही. सरळ गेला, चांगला वीतभर. डोळे उघडे, मी हाका मारतेय, आणि हा गप्प. मग आला भानावर. फीटच होती ती, पण कोणी पाहिलं नव्हतं. मी पटकन फडकं उचललं.

"पुसू नकोस," तो म्हणाला.

"अरे, तीन आठवडे राहिलेत फक्त."

"पातीसमोर हात तुझे असतात."

तो स्वतःच जाऊन सुपरवायझरना सांगून आला. वर्ष पुन्हा पहिल्या दिवसापासून. मला त्याचा इतका राग आला की विचारलं, तुला काहीच वाटत नाही का रे?

"वाईट झालं हे कळतं," तो म्हणाला. "वाटत नाही."

आणि दुसरी बाही आखायला लागला. त्याच्या वाटचं मीच रडले, सगळ्यांसमोर.