सबनीसांची समुद्रगाय

जयप्रकाश सबनीसांनी बहरीनमध्ये उभी हयात काढली, पण बहरीन पाहिलं ते कंपनीच्या बसमधून. सकाळी सित्राच्या रिफायनरीकडे जाताना रस्त्याची एक बाजू, संध्याकाळी परतताना दुसरी. तिथं ते सेफ्टी सुपरवायझर होते. घरीसुद्धा गॅसची नळी ओढून बघितल्याशिवाय त्यांना झोप येत नसे. त्यांची बायको अरुणा सांगते, की लग्नातही हा माणूस मांडवाचे खांब हलवून बघत होता.

हौस मात्र एकच, समुद्रगाय पाहायची. पाण्यातलं गवत खाणारा हा अजस्र, गरीब प्राणी थंडीत हवार बेटांजवळ कळपानं येतो, हे त्यांनी नोकरी लागली त्याच वर्षी ऐकलं होतं. दर हिवाळ्यात 'पुढच्या वर्षी नक्की' व्हायचं. आता पुढचं वर्षच उरलं नव्हतं. रिटायरमेंट झाली, व्हिसा संपत आला, विमान आठवड्यावर आलं. म्हणून तिथल्या मराठी मंडळाच्या बोटीच्या सहलीत पहिलं नाव त्यांचं.

बोटीवर गाइड होता वसईचा ग्रेगरी. हवारचा किनारा दिसताच त्याला चेव आला. जुन्या वस्तीचे पडके दगड त्यानं दाखवले, या बेटांवरून दोन देश किती वर्षं भांडले आणि शेवटी कोर्टात निकाल कसा लागला तेही रंगवून सांगितलं. किनारा पाणकावळ्यांनी काळा झाला होता. सबनीसांचं कशातच लक्ष नव्हतं, ते पाण्याकडे डोळे लावून बसले होते. अरुणानं पुढे केलेली अळूवडीही त्यांनी नको म्हटली, यावरून काय ते समजावं.

जेवणाचे डबे उघडले आणि ग्रेगरी हळूच म्हणाला, "उजवीकडे बघा. कळप आलाय."

झालं. सगळं मंडळ मोबाइल काढून उजवीकडे धावलं आणि बोट त्या अंगाला कलली. बहरीनी कप्तान "बैठो, बैठो, यल्ला" म्हणून घसा फोडत होता, पण ऐकतो कोण. कठड्याशी पोचणाऱ्यांत सबनीस पहिले होते. तेवढ्यात पायाखालची फळी तिरकी झाली आणि ते गर्रकन वळले. पाण्याकडे पाठ, दोन्ही हात पसरलेले.

"मागे व्हा. निम्मे डावीकडे बसा. थोडे थोडे पुढे या, सगळ्यांना दिसेल."

सगळ्यांना दिसलीही. शेवटचा माणूस पाहून परतला तेव्हा सबनीस वळले. पाणी मोकळं होतं, कळप निघून गेला होता. त्यांना फार वाईट वाटलं.

"दिसली ना, साहेब?" ग्रेगरीनं विचारलं.

"दिसली की," सबनीस म्हणाले.

परतीच्या वाटेवर, जवळ कुणी नाही असं बघून त्यांनी बायकोला विचारलं, "केवढी होती गं?"

"मला काय माहीत."

"तुला तर मी दोनदा पुढे सोडलं."

"सोडलंत," अरुणा म्हणाली. "पण तुम्ही कधी वळताय, तेच बघत राहिले मी."